फेरे, तेल आणि घाट : जुन्या बुलेटची सुरक्षित इंजिन-गती आणि तिचे जोडसामान

प्रास्ताविक

इंग्लंडमधील रेडिच येथे घडलेल्या आणि पुढे मद्रासमध्ये स्थिरावलेल्या बुलेट मोटारसायकलच्या पुढच्या दिव्यामागे, एका ओतीव कोंदणात, दोन तबकड्या बसवलेल्या असत. मोठी तबकडी रस्त्यावरचा वेग दाखवी. लहान तबकडी म्हणजे अँमीटर. ती विद्युत्प्रवाह बॅटरीत जातो आहे की बॅटरीतून येतो आहे, एवढेच सांगे. इंजिन दर मिनिटाला किती फेरे घेत आहे हे दाखवणारी तबकडी, अर्थात टॅकोमीटर, तेथे नव्हती. त्या काळातील शर्यतीच्या वळणाच्या ब्रिटिश गाड्यांवर स्मिथ्स कंपनीचा टॅकोमीटर दिसे; बुलेटसारख्या रोजच्या वापराच्या गाडीला त्याची गरज मानली गेली नव्हती. मग इंजिन कोठवर फिरवावे आणि कोठे थांबावे, ही मर्यादा चालकाला कळत होती तरी कशी? आणि ती नेमकी कोणी ठरवली होती?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बुलेट ३५० या एका प्रतिमानाच्या आधारे केला आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्राची मर्यादा ही बहुधा निर्मात्याने दिलेली एक स्थिर संख्या म्हणून घेतली जाते. बुलेटच्या बाबतीत ही समजूत अपुरी ठरते. पिस्टनची चाल, बेअरिंगचा प्रकार, तेलाचा पुरवठा, रस्त्याची घडण आणि चालकाची सवय या सर्वांच्या संबंधातून ती मर्यादा ठरत गेली. ज्याला बाजारात ‘एक्स्ट्रा फिटिंग’ म्हणतात ते लेग गार्ड, साडी गार्ड, कॅरिअर, बदललेले स्प्रॉकेट हे सामानही या दृष्टीने किरकोळ नाही. वापरणाऱ्याला कशाची धास्ती होती आणि त्याने गाडीकडून काय मागितले, याचा तो पुरावा आहे. ‘जुनी बुलेट वेगात टिकत नाही, कारण ती भारतात बनली’ हे सर्रास ऐकू येणारे मतही याच पुराव्याच्या कसोटीवर तपासून पाहावे लागते.

पिस्टनची चाल आणि जडत्वाचा भार

मागच्या चाकाला स्विंगिंग आर्मचे निलंबन असलेली बुलेट ३५० ही १९४९ पासून विक्रीस आली. ‘बुलेट’ हे नाव मात्र रॉयल एनफिल्डने १९३२ पासूनच वापरले होते. नव्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. आणि पिस्टनची चाल, म्हणजे स्ट्रोक, ९० मि.मी. होता. त्यातून ३४६ घ.सें.मी. घनफळ मिळे. कमाल शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती, आणि ती मिनिटाला ५,६०० ते ५,७५० फेऱ्यांच्या दरम्यान. व्यासापेक्षा चाल जास्त असलेले असे ‘लाँग स्ट्रोक’ इंजिन कमी फेऱ्यांत चांगली ओढ देते, ही त्याची ख्याती. ब्रिटनमध्ये मोटारींवरील कर अनेक वर्षे सिलिंडरच्या व्यासावरून आकारला जात होता आणि त्यामुळे तेथील मोटार-अभियंत्यांचा कल लांब चालीकडे झुकला. मोटारसायकलींना तो नियम लागू नव्हता. तथापि त्या पिढीची अभिरुची त्याच वातावरणात घडली, असे म्हणण्यास जागा आहे.

एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली, असे एकूण १८० मि.मी. अंतर कापतो. मिनिटाला ५,६०० फेरे धरले तर पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १६.८ मीटर येते, म्हणजे ताशी साठ किलोमीटर. एवढ्या गतीचा पिस्टन मिनिटाला ११,२०० वेळा पूर्ण थांबतो आणि उलट दिशेने पुन्हा पळू लागतो. येथे एक तुलना उद्बोधक ठरते. १९६९ मध्ये आलेल्या होंडा सीबी ७५० या चार सिलिंडरच्या गाडीने ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाला मोठा हादरा दिला. तिच्या पिस्टनची चाल ६३ मि.मी. आणि कमाल शक्ती ८,००० फेऱ्यांना. गणित केले तर तिच्याही पिस्टनची सरासरी गती सेकंदाला नेमकी १६.८ मीटरच येते. कानाला एक गाडी धडधडणारी आणि दुसरी सुसाट वाटते. पिस्टनच्या सरासरी गतीपुरते पाहिले तर दोघी एकाच पायरीवर उभ्या आहेत.

अर्थात सरासरी गती ही पूर्ण कसोटी नव्हे. पिस्टनला थांबवून उलटा फिरवताना कनेक्टिंग रॉडवर येणारा जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४,००० फेऱ्यांवरून ५,६०० फेऱ्यांवर जाताना फेरे चाळीस टक्क्यांनी वाढतात. भार मात्र जवळजवळ दुप्पट होतो. ५,६०० फेऱ्यांना बुलेटच्या पिस्टनचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजार पटींहून अधिक असते. होंडाच्या पिस्टनचे त्वरण याहूनही जास्त, पण तो पिस्टन बराच हलका. शर्यतीच्या इंजिनांनी हा मार्ग आधीच धरला होता. ५०० घ.सें.मी.च्या नॉर्टन मँक्सचा स्ट्रोक १९५४ मध्ये १०० मि.मी.वरून सुमारे ८५.६ मि.मी.वर आणला गेला, तो अधिक फेरे सुरक्षितपणे मिळावेत म्हणूनच. त्या काळच्या अभियंत्यांत पिस्टनच्या सरासरी गतीसाठी मिनिटाला ४,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे २०.३ मीटर, ही वरची मर्यादा म्हणून अंगवळणी पडलेली होती. बुलेट त्या मर्यादेच्या बरीच खाली होती. म्हणजे केवळ चालीच्या हिशेबाने पाहता बुलेटला धोका नव्हता. धोका अन्यत्र होता.

तेलाचा मार्ग

कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक क्रँकपिनला जेथे जोडले जाते त्या बिग-एंडमध्ये बुलेटला रोलर बेअरिंग नव्हते. तेथे एक मोकळा फिरणारा बुश असे. तो क्रँकपिनवरही फिरे आणि रॉडच्या आतही फिरे. त्यामुळे घसटीचा वेग दोन पृष्ठभागांत वाटला जाई. रचना साधी, आवाज कमी, भार पेलण्याची ताकद चांगली. मात्र असा बुश तेलाच्या पापुद्र्यावर जगतो. रोलर बेअरिंग थोडा वेळ तेलाच्या तुटवड्यात तग धरते, बुश धरत नाही.

हे तेल कोठून येई? क्रँककेसच्याच मागील भागात तेलाची टाकी घडवलेली होती. टायमिंगच्या बाजूला वर्म गिअरवर संथपणे चालणारे दोन पंप होते. एक तेल पुढे ढकलणारा, दुसरा वापरलेले तेल टाकीत परत आणणारा. पुढे ढकललेले तेल टायमिंग कव्हरमधून क्रँकशाफ्टच्या टोकात शिरे आणि आतल्या छिद्रांतून बिग-एंडपर्यंत पोहोचे. कव्हर स्थिर आणि शाफ्ट फिरता, तेव्हा या सांध्याला एक छोटे सील असे. ते झिजले की तेल वाटेतच गळून जाई. बाहेरून काहीही दिसत नसे, तेलाची पातळीही भरलेली असे, आणि बिग-एंड मात्र उपाशी राही. जाणते मिस्त्री इंजिन उघडले की हे सील न विचारता बदलत, ते याच कारणासाठी.

पंपाकडून येणारे तेल फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते. जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या दोन वाढींतले अंतर म्हणजेच बुलेटची खरी मर्यादा होय. क्षणभर ५,५०० फेऱ्यांपर्यंत नेलेले इंजिन सहसा काही कुरकुर करत नाही. त्याच फेऱ्यांवर अर्धा तास ठेवलेले इंजिन तापते, तेल पातळ होते, पापुद्रा विरळ होतो, आणि मग बुश जाम होण्याची वेळ येते. सुरक्षित गती ठरवताना ‘किती’ इतकाच ‘किती वेळ’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि कोणत्याही तबकडीवरची लाल रेषा तो विचारत नाही.

यावरून बुश वाईट आणि रोलर चांगला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. होंडा सीबी ७५० च्या क्रँकशाफ्टलाही साधी सपाट बेअरिंगच होती. त्यांना मुबलक तेल दाबाने मिळत होते. उलट १९७२ च्या नॉर्टन कमांडोचे ‘कॉम्बॅट’ इंजिन पाहावे. ८९ मि.मी. चाल, दहास एक असे संपीडन-गुणोत्तर आणि ६,५०० फेऱ्यांना ६५ अश्वशक्ती असा त्याचा बोलबाला होता. त्याची मुख्य बेअरिंगे काही हजार मैलांतच निकामी होऊ लागली. अधिक फेऱ्यांत क्रँकशाफ्ट किंचित वाकत होता आणि रोलरच्या कडा बेअरिंगच्या कड्यात रुतत होत्या. पुढे रोलरच्या कडांना सूक्ष्म गोलाई दिलेली ‘सुपरब्लेंड’ बेअरिंगे बसवून आणि इंजिनाची तीव्रता उतरवून हा दोष आटोक्यात आणला गेला. त्या गाडीवर टॅकोमीटर होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. फेरे दिसत होते. त्या फेऱ्यांत आत काय घडते आहे ते दिसत नव्हते.

रस्ते दोन देशांचे

बुलेटचा आराखडा तयार झाला तेव्हा ब्रिटनमध्ये एकही मोटरवे नव्हता. पहिला तुकडा, प्रेस्टन बायपास, १९५८ मध्ये खुला झाला. एम-१ चा पहिला टप्पा १९५९ मध्ये. म्हणजे आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वळणे, चढ, गावे आणि चौक असलेला रस्ता होता. अशा रस्त्यावर चालक क्वचितच सलग दहा मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर राहतो. इंजिनाला सतत श्वास घेण्यास उसंत मिळते.

दरम्यान ही गाडी भारतात आली. सैन्याला सीमेवरील गस्तीसाठी मजबूत मोटारसायकल हवी होती. १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया उभी राहिली. प्रारंभी सुटे भाग आणून जोडणी होत असे. पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात सर्व भाग येथेच तयार होऊ लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला आणि १९७० पर्यंत ब्रिटनमधील रॉयल एनफिल्डचे उत्पादन संपले. मद्रासमध्ये मात्र बुलेट बनतच राहिली. ती जवळपास जशीच्या तशी बनत राहिली याचे श्रेय, किंवा दोष, नुसत्या परवाना-राजवटीला देऊन भागणार नाही. ज्या रस्त्यासाठी ती आखली होती तो रस्ता भारतात टिकून होता. दुपदरी महामार्ग, मध्येच येणारी बैलगाडी, गावातला बाजार, फाटक. येथे ताशी साठ-सत्तर किलोमीटर हाच प्रवासाचा वेग होता.

१९७७ पासून ही गाडी ब्रिटन व युरोपात निर्यात होऊ लागली आणि तेथे तिची गाठ मोटरवेशी पडली. ब्रिटनमधील कमाल वेगमर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटर. बुलेट ३५० चा स्वतःचा कमाल वेग जवळपास तेवढाच. इतर वाहनांच्या बरोबरीने राहायचे तर इंजिन सतत आपल्या शिखरावर ठेवणे भाग होते. बिग-एंड आणि पिस्टन जाम झाल्याच्या तक्रारींचा बराचसा उलगडा येथे होतो. भारतीय कारखान्यातील घडणीत उणिवा नव्हत्या असे नव्हे. मापांतील सैलपणा आणि धातूच्या दर्जातील चढउतार हा विषय त्या काळी खुद्द भारतीय ग्राहकांच्याही बोलण्यात असे. तथापि हीच गाडी इथल्या रस्त्यांवर दशकानुदशके पोलीस, सैन्य आणि शेतकरी यांनी चालवली. तेव्हा अपयशाचे मुख्य कारण धातूपेक्षा वापराच्या पद्धतीत शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर येथे एक वेगळीच अडचण होती : घाट. चढापेक्षा उतार इंजिनाला अधिक घातक ठरू शकतो, हे अनेकांना पटत नाही. बोरघाट, खंबाटकी किंवा आंबा घाट उतरताना ड्रम ब्रेकवर विसंबता येत नाही, ते तापून निसटू लागतात. म्हणून चालक खालच्या गिअरमध्ये थ्रॉटल बंद करून गाडी इंजिनावर रोखतो. रीत योग्यच, पण गिअर फार खालचा पडला तर चाकच इंजिनाला फिरवू लागते आणि फेरे नकळत वर जातात. पूर्ण थ्रॉटलवर असताना संपीडनाच्या आणि स्फोटाच्या वेळचा वायूचा दाब पिस्टनच्या जडत्वाला काही अंशी तोलून धरतो. थ्रॉटल बंद असता हा आधार फारसा राहत नाही आणि रॉडवर जवळजवळ नुसता ताण येतो. शिवाय सिलिंडरमधील निर्वातामुळे तेल रिंगांच्या फटीतून वर ओढले जाते. घाट उतरून पायथ्याशी थ्रॉटल दिल्याबरोबर जुन्या बुलेटच्या नळीतून निळसर धुराचा लोट निघतो, तो याचाच. उताराचा गिअर चढाच्या गिअरइतका असावा, त्याहून खालचा नसावा, ही मिस्त्री मंडळींत चालत आलेली सूचना यांत्रिकीच्या कसोटीवर उतरते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्यावर दुचाकींना बंदी होती. ज्या मार्गावर बुलेटची मोटरवेसारखी कसोटी लागली असती, तोच तिला मिळाला नाही. चौपदरी राष्ट्रीय महामार्गांनी मात्र ती कसोटी पुढे आणलीच.

कान, हात आणि आरसा

टॅकोमीटर नव्हता म्हणून मोजमाप नव्हते असे मानणे चूक होईल. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. हजार फेऱ्यांवर मंद चालणाऱ्या बुलेटचे सेकंदाला आठ ठोके पडतात. कान ते सुटे सुटे ऐकतो. सुमारे २,४०० फेऱ्यांना ठोके सेकंदाला वीस होतात, आणि तेथून पुढे ते एकमेकांत मिसळून सूर बनू लागतात. फटफटी हा जुना शब्द कानाने मोजल्या जाणाऱ्या या पहिल्या पट्ट्याचे वर्णन आहे. पुढचा पट्टा हातांनी मोजला जाई. हँडलच्या मुठी बधिर होणे, पेट्रोल टाकीला टेकलेले गुडघे झिणझिणणे, आरशातील मागच्या ट्रकची आकृती विस्कटणे, या खुणा अनुभवी चालकाला पुरेशा असत. यांतील कोणतीच खूण अचूक नव्हती, पण सगळ्या एकाच दिशेने इशारा देत.

अँमीटरचाही असाच अनपेक्षित उपयोग झाला. किक हळूहळू दाबत जावे, काटा हलून मध्यावर आला की ब्रेकर पॉइंट उघडले असे समजावे, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन माथ्यापलीकडे किंचित सरकवावा आणि मग किक मारावी. विजेच्या तबकडीने पिस्टनची जागा दाखवणारी ही युक्ती एका पिढीने दुसऱ्या पिढीला हातात हात धरून शिकवली आहे.

या सर्वाला एक अपवाद होता. १९९०च्या दशकात विकल्या गेलेल्या डिझेल बुलेटमध्ये ग्रीव्ह्ज-लोम्बार्डिनीचे ३२५ घ.सें.मी.चे, साडेसहा अश्वशक्तीचे इंजिन होते आणि त्याचे फेरे ३,६०० च्या आसपास गव्हर्नरने बांधलेले होते. तेथे चालकाच्या कानाला फारसे काम उरले नाही. पाण्याच्या पंपाला जी शिस्त असते तीच या गाडीलाही लागली.

जोडसामान

सुरक्षित गतीशी सर्वांत थेट संबंध असलेले जोडसामान बाहेरून दिसतच नाही. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटचे दात १६ चे १७ केले तर त्याच रस्त्यावरच्या वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सहा टक्क्यांनी उतरतात. जडत्वाचा भार त्याहून अधिक, अकरा टक्क्यांच्या आसपास, कमी होतो. काही शे रुपयांत होणारा हा बदल आहे. परंतु मागे दोन माणसे किंवा दुधाचे कॅन असतील तर चढावर ओढ कमी पडते, चालक खालच्या गिअरमध्ये अधिक वेळ राहतो आणि मिळवलेले बरेचसे गमावतो. म्हणून हा बदल सपाटीच्या लांब प्रवासालाच शोभतो. सातारा-कोल्हापूरच्या डोंगराळ पट्ट्यात त्याचा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही. रोलर बिग-एंड हे दुसरे असे सामान. ब्रिटनमधील हौशी चालकांनी ते मोठ्या प्रमाणावर बसवले, पुढे ते भारतातही रुळले. मात्र ते बसवून सील आणि पंप जुनेच ठेवले, तर दुबळा दुवा फक्त आपली जागा बदलतो.

दिसणाऱ्या सामानात लेग गार्ड पहिला. गाडी कुशीवर पडली तर तो पाय आणि क्रँककेस दोन्ही वाचवतो. समोरासमोरच्या धडकेत त्याचा आधार फारसा नाही. पावसाळ्यात चिखल आणि थंडीत वारा अडवण्यासाठी त्याला रेक्झिनचा पडदा बांधण्याची रीत होती. चालकाची नडगी कोरडी राही, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची हवा अडे. पडदा बांधून भर दुपारी लांबचा पल्ला गाठणाऱ्याच्या इंजिनाची सुरक्षित गती त्या दिवसापुरती खाली आलेली असे, हे कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नव्हते.

साडी गार्डची कथा याहून गंभीर आहे. भारतात मागे बसणारी स्त्री दोन्ही पाय डावीकडे घेऊन बसत आली आहे. बुलेटची मागची साखळीही डाव्याच बाजूला. म्हणजे पदर किंवा ओढणीचे टोक सुटले तर चाकाचे आरे आणि साखळी ही दोन्ही संकटे एकाच बाजूला टपलेली. कापड क्षणात गुंडाळले जाते आणि गळ्याला फास बसतो. या अपघाताला मोठा वेग लागत नाही. गल्लीतल्या वेगालाही तो होतो. रेडिचच्या आराखड्यात या प्रवाशाचा विचार नव्हता, तो भारतात जोडला गेला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ ने मागच्या प्रवाशासाठी धरण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण बंधनकारक केले. लोहाराच्या दुकानात वाकवलेल्या सळ्यांची जाळी ही अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आली. हौसेने जुनी गाडी ‘मूळ रूपात’ आणणारे पुष्कळ जण सर्वप्रथम हीच जाळी काढतात, याची खंत वाटते. रेडिचच्या मूळ रूपात ती नव्हती हे खरेच; पण मूळ रूपातल्या गाडीवर साडी नेसलेली प्रवासीही नव्हती.

दुधाचे कॅन अडकवण्याचे लोखंडी सांगाडे, पोलीस व सैन्याच्या गाड्यांवरील कॅनव्हासच्या पिशव्या, मागचे कॅरिअर यांचा परिणाम वेगळ्या प्रकारचा. ओझ्याने इंजिन जास्त फिरत नाही, उलट कमी फेऱ्यांत दबते. वरच्या गिअरमध्ये ठोके चुकवत, धडधडत चढ ओढणारे इंजिन ऐकायला रुबाबदार वाटते. बुशवर तेव्हा प्रत्येक स्फोटाचा घाव बसत असतो आणि पंप संथ असतो. सुरक्षित गतीला खालचीही सीमा आहे. दीर्घ चालीच्या इंजिनाच्या ओढीचे कौतुक करताना ती बहुधा विसरली जाते.

जुन्या पुशरॉड इंजिनाची जागा २००८ पासून नव्या एकसंध इंजिनाने घेण्यास सुरुवात केली. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या बुलेट ३५० ची चाल ८५.८ मि.मी. आणि कमाल शक्ती ६,१०० फेऱ्यांना आहे. पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे साडेसतरा मीटर. १९४९ च्या गाडीपेक्षा फार पुढे नाही. बेअरिंग बदलले, तेलाचा दाब बदलला, संतुलक दंड आला. टॅकोमीटर मात्र या गाडीवरही नाही. फेऱ्यांची मर्यादा आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक सांभाळतो, आणि मागच्या चाकाशेजारी, डाव्या बाजूला, साडी गार्ड आहे.